जॅक्सन हाइट्समधला जुना टू-बेडरूम को-ऑप घ्यावा का? खोल्यांच्या आधी बिल्डिंग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सच्या हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये १९२० च्या दशकातल्या सहा मजली बिल्डिंगमधला टू-बेडरूम, एक बाथरूमवाला को-ऑप फ्लॅट तुम्हाला आवडलाय. मागतायत ६,४०,००० डॉलर, मेंटेनन्स महिन्याला १,४५०. दोघांनाही नोकरी, तीन वर्षांची मुलगी, आणि पुण्याहून आई-बाबा वर्षातले काही महिने येऊन राहतात. किचनची भिंत पाडायचीये, दुसरं बाथरूम काढायचंय, वॉशिंग मशीन घरातच हवंय. आणि विचारताय की शंभर वर्षांची बिल्डिंग म्हणजे डोक्याला ताप तर नाही ना, त्यापेक्षा नवीन काँडो (ज्यात फ्लॅट थेट तुमच्या नावावर होतो) बरा का.

मी आर्किटेक्ट आहे. क्वीन्स आणि मॅनहॅटनमधल्या जुन्या को-ऑप्सच्या बोर्डांसाठी (आपल्याकडच्या सोसायटीच्या कमिटीसारखी) काम करते, म्हणजे कोणी रिनोव्हेशनची परवानगी मागितली की ती ड्रॉइंग्ज बिल्डिंगच्या बाजूने तपासायची, काम चालू असताना जाऊन बघायचं, भिंत उघडली की आत काय निघतंय ते बोर्डाला सांगायचं. त्यामुळे या बिल्डिंगांची पोटं मी आतून बघितलीयेत. वकील किंवा लोनवाली नाहीये, म्हणून कायद्याचं आणि कर्जाचं जे लिहितेय ते तुमच्या वकिलाकडून एकदा पक्कं करून घ्या.

आता मला वाटतं जुनं की नवं हा इथे दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की तुम्ही नक्की काय विकत घेताय. को-ऑपमध्ये फ्लॅट तुमच्या नावावर होत नाही. अख्खी बिल्डिंग एका कॉर्पोरेशनच्या मालकीची, तुम्ही तिचे शेअर्स घेता आणि त्या शेअर्सच्या जोरावर तुम्हाला त्या फ्लॅटचं प्रोप्रायटरी लीज, म्हणजे तिथे राहायचा हक्क देणारा करार, मिळतं. आपल्याकडच्या सोसायटीसारखंच वाटतं, शेअर सर्टिफिकेट, कमिटी, महिन्याचा मेंटेनन्स, आणि मुंबईत तर गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची आहे, म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाहीच. पण दोन फरक फार मोठे आहेत. आपल्याकडे सोसायटीला मेंबरशिप नाकारायची तर कारण द्यावं लागतं आणि त्यावर रजिस्ट्रारकडे दाद मागता येते, इथे बोर्ड कारण न देता नाही म्हणू शकतं. आणि दुसरा, जो लोक विसरतात, इथे बिल्डिंगच्या डोक्यावर स्वतःचं कर्ज असू शकतं, बहुतेक वेळा असतंच, आणि तुम्ही शेअर्स घेतलेत की त्या कर्जातही तुमचा वाटा येतो.

म्हणून ६,४०,००० हा आकडा अर्धवट आहे. समजा बिल्डिंगवर ३० लाख डॉलरचं अंडरलाइंग मॉर्गेज, म्हणजे हेच कर्ज, आहे आणि ६० फ्लॅट आहेत, तर सरासरीने फ्लॅटमागे ५०,००० डॉलर झाले (खरा हिशोब शेअर्सच्या प्रमाणात होतो, टू-बेडरूमच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त येतात). म्हणजे तुम्ही जवळजवळ सात लाखांचं घर घेताय, फक्त त्यातल्या पन्नास-साठ हजारांचं व्याज मेंटेनन्समधून जातंय. शेजारच्या बिल्डिंगमध्ये ६,८०,००० मागत असतील आणि कर्ज काहीच नसेल तर तो फ्लॅट कदाचित स्वस्त पडेल. ते कर्ज कधी संपतंय, व्याजदर काय आहे, हे विचाराच. दहा वर्षांपूर्वी कमी दराने घेतलेलं कर्ज पुढच्या वर्षी नव्याने करावं लागणार असेल तर मेंटेनन्स वाढणार हे आजच समजून चाला. हे सगळं बिल्डिंगच्या ऑडिटेड फायनान्शियल्समध्ये असतं, मागच्या दोन-तीन वर्षांचे मागा, आणि आकड्यांच्या खाली ज्या नोट्स असतात त्या आधी वाचा, खरी माहिती तिथेच असते.

मेंटेनन्स १,४५० ऐकून घाबरू नका, कमी मेंटेनन्स बघून खूशही होऊ नका. त्यात प्रॉपर्टी टॅक्स, हीटिंग, गरम पाणी, सुपरचा (बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या माणसाचा) पगार, इन्शुरन्स आणि वर सांगितलेलं कर्जाचं व्याज एवढं सगळं येतं. यातला प्रॉपर्टी टॅक्सचा आणि व्याजाचा तुमच्या वाट्याचा भाग इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतो, बिल्डिंग दरवर्षी त्याचं पत्र देते. मला जास्त काळजी वाटते ती वर्षानुवर्षं मेंटेनन्स न वाढवणाऱ्या बिल्डिंगांची. सगळे खर्च वाढतायत आणि मेंटेनन्स तिथेच आहे याचा अर्थ कुठलं तरी काम पुढे ढकललं जातंय, आणि मग एक दिवस छत गळायला लागलं की असेसमेंट येतं, प्रत्येकाने एवढे हजार भरा. अजून एक, सिटीकडून को-ऑपमध्ये स्वतः राहणाऱ्यांसाठी प्रॉपर्टी टॅक्समध्ये जी सूट मिळते, ती बऱ्याच बिल्डिंगा तेवढ्याच रकमेचं असेसमेंट लावून रिझर्व्हमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या राखीव निधीत, घेतात. ब्रोकर म्हणाला की दरवर्षी टॅक्समध्ये सूट मिळते, तर ती हातात येते का हे विचारा.

पण एकच कागद वाचायला वेळ असेल तर बोर्डाचे मिनिट्स, म्हणजे मीटिंगांच्या नोंदी, वाचा. तुमचा वकील मॅनेजिंग एजंटच्या (बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्याच्या) ऑफिसात जाऊन वाचतो किंवा ईमेलवर मागवतो, त्याला सांगा की मला सारांश नको, गळतीच्या सगळ्या नोंदी उतरवून दे. कारण सांगते. मिनिट्समध्ये मार्चला लिहिलेलं असतं, ३सी च्या सीलिंगवर डाग, सुपरने बघितलं. जूनमध्ये ५सी च्या बाथरूममधून पाणी. नोव्हेंबरमध्ये २सी, भिंत उघडून पॅच मारला. वाचणाऱ्याला या तीन किरकोळ तक्रारी वाटतात. माझ्यासारखीला त्यातलं सी हे अक्षर दिसतं, कारण या बिल्डिंगांमध्ये एका अक्षराचे फ्लॅट एकाखाली एक असतात आणि सगळ्यांची बाथरूमं एकाच उभ्या पाइपवर, रायझरवर, असतात. तो रायझर गेलाय, आणि बोर्ड तुकड्या-तुकड्याने ठिगळं लावतंय. तुमचा फ्लॅट त्या अक्षराचा असेल तर येत्या काही वर्षांत तुमची बाथरूमची भिंत फोडली जाणार, आणि कदाचित तुम्ही नवीन टाइल्स लावून झाल्यावर. उलट मिनिट्समध्ये दिसलं की अमुक साली सी लाइनचे रायझर वरपासून खालपर्यंत बदलले, तर माझ्या लेखी तो फ्लॅट त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या फ्लॅटपेक्षा जास्त किमतीचा.

मिनिट्समध्ये अजून दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे गॅस. या शहरात जुन्या बिल्डिंगमध्ये गॅसची गळती सापडली की कंपनी पुरवठा बंद करते, आणि मग पाइप बदलून, प्रेशर टेस्ट करून, परमिट-इन्स्पेक्शन होऊन गॅस परत यायला महिनेच्या महिने जातात, तोवर लोक इलेक्ट्रिक शेगडीवर स्वयंपाक करतात. २०१६ च्या लोकल लॉ १५२ मुळे गॅस पाइपची तपासणी दर चार वर्षांनी करावी लागते, त्याचा शेवटचा रिपोर्ट काय म्हणतो ते विचारा. दुसरं म्हणजे बॉयलर. २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या बिल्डिंगांना २०१९ च्या लोकल लॉ ९७ खाली कार्बनची मर्यादा आहे, २०२४ पासून लागू झाली आणि २०३० पासून अजून कडक होणार, मर्यादेच्या वर गेलात तर दर टनामागे २६८ डॉलर दंड. बिल्डिंग अजून तेलावर चालत असेल तर बोर्डाने पुढचं काय ठरवलंय याची नोंद मिनिट्समध्ये असायला हवी. नोंदच नसेल तर तो खर्च तुम्ही राहायला गेल्यावर येणार आहे. एका बाबतीत तुमची बिल्डिंग सुखी आहे, सहा मजल्यांपेक्षा उंच बिल्डिंगांना दर पाच वर्षांनी बाहेरच्या भिंतींची सक्तीची तपासणी करावी लागते, ती मचाणं आणि फुटपाथवरचे मांडव वर्षानुवर्षं लटकलेले तुम्ही मॅनहॅटनमध्ये बघितले असतीलच. सहा मजलीला तो नियम नाही. पण नियम नाही म्हणून विटांचं पॉइंटिंग (सांधे भरण्याचं काम) कोणी तीस वर्षं बघितलंच नाही असंही होतं, तेव्हा वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर बाहेरच्या भिंतीला हात लावून प्लास्टर ओलं लागतंय का बघा.

आता फ्लॅटच्या आत. आणि इथे आधी एक सांगायलाच हवं, या बिल्डिंगा खरंच मनापासून बांधलेल्या आहेत. क्वीन्सबरो ब्रिज १९०९ मध्ये झाला, त्याच सुमाराला एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने इथली शेतजमीन घेतली, १९१७ मध्ये वरून जाणारी ट्रेन आली, आणि मग त्यांनी गार्डन अपार्टमेंट बांधायला सुरुवात केली. ब्लॉकच्या कडेने बिल्डिंगा आणि मध्ये रस्त्यावरून दिसतही नाही अशी लांबलचक बाग. अँड्र्यू थॉमस यांची शॅटो आणि टॉवर्स ही दोन संकुलं याच काळातली, बाहेरून तरी नक्की बघून या. जागेचा एवढा भाग बिल्डरने मोकळा सोडणं आज कोणाला परवडणार नाही. त्यामुळे बऱ्याच फ्लॅटना दोन बाजूंनी उजेड आणि वारा मिळतो, किचनला खिडकी असते, उंच सीलिंग, दोन खोल्यांमध्ये जाड प्लास्टर. बागेकडे तोंड असलेला फ्लॅट मिळत असेल तर त्यासाठी थोडे जास्त मोजायला मी कधीच नाही म्हणत नाही. रूझवेल्ट अव्हेन्यूजवळ असेल तर मात्र ७ नंबरची ट्रेन डोक्यावरून जाते, खिडक्या उघड्या ठेवून पाच मिनिटं गप्प उभं राहून ऐका.

रेडिएटर बघा. बहुतेक वन-पाइप स्टीम असतो, म्हणजे एकाच पाइपातून वाफ वर येते आणि थंड होऊन झालेलं पाणी त्याच पाइपाने खाली जातं. म्हणून त्याचा खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा तरी ठेवायचा नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट ठेवला की पाणी अडकतं आणि वाफ त्याला धडक मारते, रात्री हातोडा मारल्यासारखा आवाज येतो तो हाच. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा, लेव्हल घेऊन गेलात तर दोन सेकंदांत कळतं. दुसऱ्या टोकाला जो छोटा व्हेंट असतो त्यातून हलकासा फुस्स आवाज येणं ठीक, पाणी थुंकत असेल आणि खाली लाकडी फ्लोअर काळं पडलं असेल तर दुरुस्तीचं काम आहे. हे सगळं स्वस्तातलं काम आहे, त्यावरून फ्लॅट सोडू नका. तक्रार बहुतेक वेळा उलटीच असते, की जानेवारीत घरात इतकं गरम होतं की खिडकी उघडावी लागते. १९१८ च्या फ्लूनंतर मोकळ्या हवेचा आग्रह होता, खिडक्या उघड्या ठेवूनही खोली गरम राहावी या हिशोबाने रेडिएटर मोठे घेतले जायचे, त्याचा हा परिणाम.

पाणी बघायचं तर टबचा नळ, बेसिनचा नळ चालू करा आणि फ्लश करा, सगळं एकदम. धार मेली की जुने गॅल्वनाइज्ड पाइप आतून गंजून बारीक झालेत असं समजा. खिशात एक लोहचुंबक ठेवा, सिंकखालच्या पाइपाला चिकटला तर गॅल्वनाइज्ड, नाही चिकटला तर ब्रास किंवा तांबं. भिंतीच्या आतले पाइप साधारणपणे बिल्डिंगचे आणि बाहेरची फिटिंग तुमची, पण प्रत्येक प्रोप्रायटरी लीजमध्ये हे वेगळं लिहिलेलं असू शकतं. आणि आधीच्या मालकाने जे बदल केले त्यांची जबाबदारी बहुतेक वेळा शेअर्सबरोबर तुमच्याकडे येते. या फ्लॅटमध्ये किचन नवीन दिसतंय असं तुम्ही लिहिलंय, तर त्याचं अल्टरेशन अॅग्रीमेंट (बदलांसाठी बिल्डिंगशी केलेला करार) आणि सिटीचं परमिट बंद झाल्याचा कागद मागा. मिळत नसेल तर तो प्रश्न कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी विकणाऱ्याने सोडवायचा, नंतर तो तुमचा होतो.

वीज हा माझ्या मते जुन्या फ्लॅटचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पॅनेल उघडून बघा. अजून फ्यूज असतील किंवा फ्लॅटला जेमतेम तीस-चाळीस अँपियर येत असतील तर दोन एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालणार नाहीत, इंडक्शनचं तर नावच नको. फ्लॅटचं पॅनेल बदलता येतं, पण तळघरातून वर येणारी लाइनच बारीक असेल तर तो बिल्डिंगचा प्रकल्प आहे, तुमच्या एकट्याच्या हातात काही नाही.

मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून हे जरा ठासून सांगते. न्यूयॉर्क सिटीत घरांमध्ये शिसं असलेल्या रंगावर १९६० पासून बंदी आहे, म्हणजे तुमच्या फ्लॅटमध्ये खालच्या थरांत तो असणार असंच धरून चाला. भिंतीवर घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही, त्रास होतो तो जिथे घासतं तिथे, खिडकीची चौकट, दाराची फट, कपाटाची दारं, तिथून बारीक धूळ पडते आणि मुलांचे हात तोंडात जातात. कॉन्ट्रॅक्टच्या आधी लेड तपासणी करायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे, तो सोडून देऊ नका. आणि राहायला जायच्या आधी काम करून घेणार असाल तर लेडचं सर्टिफिकेट असलेलाच कॉन्ट्रॅक्टर घ्या, कोरडं सँडिंग कोणालाही करू देऊ नका, मग तो कितीही स्वस्तात करत असला तरी.

आता तुमच्या तीन इच्छा, आणि इथे मी स्पष्टच बोलते. दुसरं बाथरूम बहुधा होणार नाही. जवळपास प्रत्येक को-ऑपमध्ये नियम असतो की खालच्या माणसाच्या कोरड्या खोलीवर तुमची ओली खोली येता कामा नये, म्हणजे त्याच्या बेडरूमच्या डोक्यावर तुमचं बाथरूम नको. किचन किंवा बाथरूमच्या हद्दीतच, रायझरला लागून, छोटं टॉयलेट बसतंय असं क्वचित निघतं, त्यासाठी तुमच्या फ्लॅटचा आणि खालच्या फ्लॅटचा प्लॅन समोर ठेवून बघावं लागेल. दुसरं बाथरूम असल्याशिवाय चालणारच नसेल तर ज्यात आधीपासून दोन आहेत असाच फ्लॅट शोधा, नंतर करू या आशेवर घेऊ नका.

किचनची भिंत होऊ शकते, पण ती भिंत काय उचलतेय त्यावर आहे. या उंचीच्या बऱ्याच बिल्डिंगांमध्ये विटांच्या भिंती आणि लाकडी जॉइस्ट (मजला पेलणाऱ्या तुळया) असतात, नुसतं ठोकून बघून कळत नाही, इंजिनिअर लागतोच. आणि भिंत पाडायच्या आधी आपल्या स्वयंपाकाचा विचार करा असं मी प्रत्येक मराठी घराला सांगते. बिल्डिंग लँडमार्क डिस्ट्रिक्टमध्ये आहे, म्हणजे जतन करायची जुनी वस्ती म्हणून हा भाग १९९३ मध्ये जाहीर झालाय, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला एक्झॉस्टचं भोक पाडायचं तर लँडमार्क्स कमिशनची परवानगी लागते आणि रस्त्याच्या बाजूला ती मिळणं कठीण, वर बोर्डाची वेगळी. म्हणजे हवा गाळून परत घरातच सोडणारी चिमणी मिळणार. लाल मिरचीची फोडणी टाकली की ती सोफ्यापर्यंत आणि दाराखालून कॉरिडॉरपर्यंत जाणार, वासाच्या तक्रारी मी बोर्डांच्या मीटिंगमध्ये पुष्कळ ऐकल्यात. दार असलेलं, खिडकीवालं वेगळं किचन ही या जुन्या फ्लॅटची देणगी आहे आपल्यासाठी. अर्धी भिंत किंवा काचेचं सरकतं दार करा फार तर. लँडमार्कचा नियम आतल्या सजावटीला आड येत नाही हेही सांगते, खिडक्या बदलणं, भिंतीत एसी बसवणं असल्या बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींना तो लागतो. खिडकीत उन्हाळ्यापुरता एसी ठेवायला चालतं.

वॉशिंग मशीनचं उत्तर हाउस रूल्समध्ये एका ओळीत मिळेल. बऱ्याच ठिकाणी मनाई असते, जुन्या ड्रेन लाइनमध्ये फेस अडकतो आणि खालच्याच्या सिंकमधून वर येतो, त्यामुळे हा नियम उगाच केलेला नाही. कोणी शेजारी गुपचूप वापरत असेल तरी तुम्ही तसं करू नका, गळती झाली की सगळा खर्च तुमच्यावर येतो.

पैशांचं थोडक्यात. २० टक्के म्हणजे १,२८,००० भरले आणि उरलेल्या ५,१२,००० वर साडेसहा टक्के धरले तर तीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता साधारण ३,२४०, त्यात मेंटेनन्स, म्हणजे महिन्याला ४,६९०. बोर्डांना सहसा हा खर्च एकूण उत्पन्नाच्या २५ ते ३० टक्क्यांत हवा असतो, म्हणजे दोघांचं मिळून वर्षाला दोन लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न दिसायला हवं. शिवाय क्लोजिंगनंतर (व्यवहार पूर्ण झाल्यावर) खात्यात एक ते दोन वर्षांचा खर्च शिल्लक, साधारण ५६,००० ते १,१३,०००, आणि तो पटकन काढता येईल असा, रिटायरमेंट अकाउंट बरेच जण मोजत नाहीत. पुण्यातला फ्लॅट, पीपीएफ यांचं इथे वजन फार पडत नाही. आई-बाबा पैसे पाठवणार असतील तर लवकर पाठवा, भारतातून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशातून वर्षभरात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर तुम्हाला इथल्या टॅक्स खात्याकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो, त्यावर टॅक्स नसतो पण न भरल्याचा दंड जबर असतो.

बोर्डाच्या इंटरव्ह्यूची लोकांना उगाच भीती वाटते. तिथपर्यंत कागद पोचलेत याचा अर्थ सहसा आकडे पसंत आहेत. वेळेवर जा, विचारलं तेवढं सांगा, आणि भिंत पाडायचा विषय तिथे काढू नका, तुमच्या सगळ्या शंका त्याआधी वकिलामार्फत सुटलेल्या हव्यात. या वस्तीचा इतिहास माहीत असणंही बरं. मॅकडूगलच्या काळात इथे ज्यूंना, काळ्या लोकांना ठरवून घरं दिली जात नव्हती, ते धोरणच होतं. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपले लोक आले, ७४ व्या स्ट्रीटवर दुकानं झाली, आणि आज याच बिल्डिंगांच्या बोर्डांवर दक्षिण आशियातली, लॅटिन अमेरिकेतली नावं दिसतात. कारण न देता नाही म्हणायची मुभा असली तरी वंश, मूळ देश, इमिग्रेशन स्टेटस, लहान मुलं असणं यावरून नाकारणं शहराच्या कायद्यात बसत नाही. व्हिसावर असाल तर ते लपवायचं काहीच कारण नाही.

व्हिसाचा विचार दुसऱ्या कारणासाठी मात्र करा, आणि माझ्या दृष्टीने काँडो की को-ऑप हे त्यावरच ठरतं. इथे सात-आठ वर्षं राहणार हे जवळपास नक्की असेल तर एवढी जागा, एवढा उजेड आणि खाली उतरलं की पाच ट्रेन लाइन असलेलं स्टेशन, हे याच पैशात काँडोमध्ये मिळणं अवघड आहे. पण नोकरीमुळे दोन-तीन वर्षांत दुसऱ्या शहरात जावं लागेल अशी शक्यता असेल तर को-ऑप घेऊ नका. बहुतेक बिल्डिंगा आधी एक-दोन वर्षं राहिल्याशिवाय भाड्याने देऊ देत नाहीत, नंतरही ठराविक वर्षंच देतात, आणि विकायला गेलात तर ब्रोकर, ट्रान्स्फर टॅक्स, फ्लिप टॅक्स (विक्रीवर बिल्डिंग घेते ती फी) यांत चांगलीच रक्कम जाते. अशा वेळी महाग आणि लहान का असेना, काँडो बरा, किंवा सरळ भाड्याने राहा.

राहता राहिले आई-बाबा. तुम्ही स्वतः राहत असताना जवळचे कुटुंबीय सोबत राहायला कायद्याने अडचण नाही. अडचण येते ती तुम्ही भारतात गेलात आणि ते इथे एकटे राहिले तर, कारण मालक नसताना पाहुण्यांनी किती दिवस राहायचं यावर लीजमध्ये मर्यादा असते, तेवढं कलम वकिलाला नजरेखालून घालायला सांगा. लिफ्ट आहे म्हणालात, पण मुख्य दारापासून लिफ्टपर्यंत चार-पाच पायऱ्या असतात या बिल्डिंगांत, बाबांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय म्हणून पुढच्या खेपेला त्या मोजा आणि कठडा आहे का बघा. मिनिट्स हातात आले की फ्लॅटचं अक्षर आणि गळतीच्या नोंदी इथेच लिहा, मी बघून सांगते.